तांबडीचा घास

कोंडवाड्यातली तिसरी गाय मंगळवारी गेली, तेव्हा सरोजिनीकाकूंना आयुष्यात पहिल्यांदा काहीच कळेनासं झालं. एरवी त्यांना सगळं कळायचं. मेसमधला कुठला पोरगा खरोखर अभ्यास करतो, कुठला पुस्तकात तोंड घालून झोपतो आणि कुणाच्या घरून पत्र आलं नाही म्हणून तो आज भाजीला नावं ठेवतोय, हे त्या ताटाकडे बघून सांगायच्या. पण गाईंचं कोडं सुटेना. आपण जितकं जास्त खायला घालतोय, तितक्या जास्त गाई मरताहेत, हे कसं?

गावाचं नाव सांगत नाही. लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. इथं सगळेच एकमेकांचे पाहुणे, आणि नगरपालिकेत तर जरा जास्तच. भूकंपाला तीन वर्षं होत आली होती. लातूरच्या निकालांचा गाजावाजा झाला तसे आमच्याकडेही गल्लोगल्ली क्लास निघाले. ज्याला स्वतःला गणितात पस्तीस मिळाले होते, त्यानंही पाटी लावली. खेड्यापाड्यांतून पोरं आली. पोरांना जेवायला लागतं, एवढा साधा विचार करून काकूंनी मागच्या अंगणात पत्रे टाकले आणि मेस सुरू केली. साठ ताटं उठायची.

अंगणाच्या भिंतीपलीकडे कोंडवाडा होता. रस्त्यावर मोकाट सापडलेली जनावरं नगरपालिकेची माणसं तिथं आणून कोंडत. मालक आला तर दंड भरून सोडवून नेई. नाही आला तर जनावर तिथंच उभं राही, वाळका कडबा चघळत. त्यात एक तांबडी गाय होती. डावं शिंग अर्धं मोडलेलं. स्वयंपाक झाला की पहिला घास गाईचा, हा काकूंच्या सासरचा रिवाज. पानं वाढण्याआधी त्या एक चतकोर पोळी भिंतीवरून पुढं करायच्या आणि तांबडी मान उंच करून घ्यायची. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. ते बघून काकूंच्या घशाखाली घास उतरेना. चतकोराची एक पोळी झाली, एकीच्या दहा झाल्या, आणि मग मेसमध्ये उरलेला भात, पोळ्या, वरण, सगळं बादलीतून कोंडवाड्यात जाऊ लागलं. बघून बघून गल्लीतल्या बायकाही आपापली पातेली घेऊन निघाल्या. पुण्य इतक्या जवळ, हाताच्या अंतरावर, दुसऱ्या कुठल्या गल्लीला होतं?

कोंडवाड्याचा रखवालदार शेषेराव. पन्नाशीचा, हडकुळा, बोलायला महाकंजूस. मूळचा किल्लारीकडचा शेतकरी. भूकंपात त्याचं घर गेलं, गोठ्यातली चार जनावरं भिंतीखाली गेली, आणि भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर त्याला इथं रोजंदारी मिळाली होती. बादल्या सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं होतं, "काकू, भात-पोळी नका टाकू. जनावराला सोसत न्हाई."

"अन्न सोसत नाही?" काकू हसल्या होत्या. "मग काय सोसतं, उपास?"

"कडबा सोसतो. कमी हाय, पन सोसतो."

उन्हाळ्यात एक गाय मेली. पंधरा दिवसांनी दुसरी. दुसरी मेली त्या दिवशी शेषेरावानं फाटकाला कुलूप घातलं आणि भिंतीवर काटेरी बोराटी रचली. झालं, काकूंचा पारा चढला. आधी उपाशी मारतो आणि वर कुणाला घालूही देत नाही! कडबा विकत असेल, दुसरं काय? काकूंचे यजमान उद्धवराव तहसिलीत अव्वल कारकून. त्यांच्याकडून त्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून घेतला. कलम एक, जनावरांची उपासमार. कलम दोन, "सदर रखवालदार दयाळू नागरिकांना अन्न देऊ देत नाही व फाटकास कुलूप लावतो." दोन दिवसांत त्रेचाळीस सह्या झाल्या. सह्या घेताना काकू एका ओट्यावर बोलून गेल्या होत्या, "ज्याला स्वतःची जनावरं राखता आली नाहीत, तो नगरपालिकेची काय राखणार?" बायका हसल्या होत्या. काकूही हसल्या होत्या, हे सांगितलंच पाहिजे.

जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली. नगरपालिकेनं चौकशी वगैरे काही केली नाही. रोजंदारीचा माणूस, त्याला नुसतं "उद्यापासून येऊ नको" म्हटलं की भागतं. कुलूप निघालं, बोराटी निघाली. सकाळ-संध्याकाळ एक झाडूवाला येऊन हौदात पाणी सोडायचा, तेवढीच काय ती देखरेख. मग गल्लीनं आणि काकूंनी गाईंना पोटभर घातलं.

आणि आठव्या दिवशी, मंगळवारी, तिसरी गाय गेली.

"अहो, असं कसं झालं?" काकूंनी उद्धवरावांना विचारलं.

"आधीची उपासमार असेल," उद्धवराव पेपरातून तोंड न काढता म्हणाले. "आतून पोखरली असेल. तू घाल अजून."

काकूंना ते पटलं आणि पटलंही नाही. मेलेली गाय हडकुळी नव्हती, तिचं पोट टम्म फुगलेलं होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, तेव्हा त्यांनी अजून घातलं.

गुरुवारी बारावीचा निकाल लागला. काकूंच्या मेसमधली सात पोरं मेरिटच्या जवळ पोचली. आनंदानं काकूंनी साजूक तुपातला मसालेभात केला, साठ जणांचा. पण क्लासच्या सरांनी त्याच दिवशी हॉटेलात पार्टी ठेवली आणि पोरं तिकडं पळाली. दोन मोठी पातेली तशीच राहिली. काकू जरा हिरमुसल्या, मग म्हणाल्या, जाऊ दे, तांबडीला तरी गोड लागेल. संध्याकाळी दोन्ही पातेली कोंडवाड्यात रिकामी झाली. गाई एकमेकींना ढुशा देत तुटून पडल्या, तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समाधानाचं.

शुक्रवारी सकाळी त्या चतकोर घेऊन भिंतीपाशी गेल्या आणि तांबडीनं मान वर केली नाही. ती बसली होती, नाक जमिनीला टेकवून, दात खात. शेजारी एक काळी गाय पाय ताठ करून पडली होती. मेलेली. आणखी दोघी कण्हत होत्या.

"विष!" काकू ओरडल्या. "कुणीतरी विष घातलंय हो!"

गल्ली गोळा झाली. उद्धवराव सायकल काढून गुरांच्या डॉक्टरांना आणायला गेले. आणि फाटकाबाहेर बघतात तो शेषेराव उभा. डोक्याला टॉवेल, हातात पोकळ बांबूचं नळकांडं. झाडूवाल्यानं त्याला कळवलं होतं, हे मागाहून समजलं. त्या क्षणी काकूंना एवढंच दिसलं, की ज्याची नोकरी गेली तो माणूस बरोबर आजच इथं आलाय.

"तुम्हीच केलंत हे," काकू बोट रोखून म्हणाल्या. "माझ्यावरचा राग मुक्या जनावरांवर काढलात."

शेषेराव फाटकातून आत आला. त्यानं तांबडीच्या डाव्या कुशीवर हात दाबला, कान लावला. मग विचारलं, "काल काय घातलं हुतं?"

"मसालेभात. साजूक तुपातला!"

"किती?"

"दोन पातेली."

तो तांबडीपाशी उकिडवा बसला. म्हणाला, "काकू, खायचा सोडा हाय का घरात? लई लागंल. आन गोडं तेल."

काकू जागच्या हलल्या नाहीत. विष घालणाराच औषध मागतोय? की औषधाच्या नावानं उरलेल्याही मारायच्या आहेत? आणि हा मारणारा असेल तर तांबडीच्या कपाळावरून असा हात कशाला फिरवतोय? त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ झाला. एकीकडे त्याला हाकलावं असं वाटत होतं, दुसरीकडे त्याच्याच पाया पडून हिला वाचवा म्हणावं असंही वाटत होतं. तांबडी कण्हली. शेषेराव वर बघून म्हणाला, "येळ चाललाय, काकू."

तेवढ्यात डॉक्टर अंबरीश आले. तरुण, झटपट काम करणारा माणूस. विषाचा संशय ऐकून त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि मेलेल्या काळ्या गाईचं पोट उघडलं. आंबूस वास गल्लीभर पसरला. डॉक्टरांनी हात घालून ओंजळभर पांढरट चिखल बाहेर काढला. त्यात फुगलेली भाताची शितं होती. आणि एक अख्खं तमालपत्र.

काकूंनी ते ओळखलं. स्वतःच्या हातानं तुपात टाकलेलं होतं.

"विष नाही," डॉक्टर म्हणाले. "भात आंबलाय पोटात. एवढं शिजलेलं धान्य जनावराला पचत नाही, मारतंच. या आधीच्याही अशाच गेल्या असणार. घातला कुणी?"

काकू तोवर घराकडे धावत सुटल्या होत्या. मेसचा सोड्याचा डबा आणि तेलाचा कॅन घेऊन त्या आल्या, पदर कुठं, चप्पल कुठं, याचं भान नाही. शेषेरावानं सोडा पाण्यात कालवून, तेल मिसळून नळकांड्यातून तांबडीच्या नरड्यात ओतला. डॉक्टरांनी सुई टोचली. मग शेषेराव तिला उठवून कोंडवाड्यात गोल गोल फिरवत राहिला, ऊन डोक्यावर येईपर्यंत. दुपारी आणखी एक गाय गेली. एक कशीबशी तगली. तांबडीनं मोठा ढेकर दिला, आणि तिन्हीसांजेला ती रवंथ करायला लागली.

काकू दिवसभर फाटकाला टेकून बसल्या होत्या. अन्नानं मरण येतं, ही गोष्ट अजूनही त्यांच्या डोक्यात नीट बसत नव्हती. जन्मभर त्यांनी अन्नाला नमस्कार करून पान उचललं होतं. त्यांनी विचारलं, "शेषेराव, तुम्ही मला ओरडून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की." तो टॉवेलनं मान पुसत म्हणाला. "ऐकलं न्हाई म्हनून कुलूप लावलं. ते बी सांगनंच हुतं, काकू. तुमी त्याचा बी अर्ज केला."

काकूंना रडू फुटलं. गल्लीदेखत, मोठ्यानं. ओट्यावर बोललेलं ते वाक्य त्यांना आठवलं, आणि त्यांनी ते त्याला सांगूनही टाकलं, कारण न सांगता त्याच्याकडे बघवत नव्हतं. "ठावं हाय," एवढंच तो म्हणाला आणि गाईला पाणी दाखवायला गेला.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव नवा अर्ज लिहून द्यायला तयार नव्हते. "लोक काय म्हणतील? त्रेचाळीस सह्यांचं काय करशील?" काकूंनी त्यांच्या हातातून फूलस्केप ओढून घेतला आणि स्वतः बसल्या. बराच वेळ त्यांना काय लिहावं ते सुचेना. शेवटी जुन्या अर्जाची प्रत समोर घेतली आणि त्यातलं कलम दोन, एकही शब्द न बदलता, उतरवून काढलं.

"सदर रखवालदार दयाळू नागरिकांना अन्न देऊ देत नाही व फाटकास कुलूप लावतो."

खाली एक ओळ वाढवली. "म्हणून त्यास त्वरित कामावर परत घ्यावे." आणि सही केली. एकटीची.