त्रेचाळीस मीटर अलीकडे

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. गाडीचं नव्हे, अंतर मोजायचं. वर लांब दांडा, खाली रबराची धाव आणि बाजूला आकडे फिरवणारी डबी. माझा एक फेरा म्हणजे बरोबर एक मीटर. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे मला पोलादी पट्टीशेजारून शंभर वेळा चालवून पाहिलं आणि मगच बाहेर सोडलं. माणसांना असं तपासून सोडत नाहीत, हे मला पुढे कळलं.

उमेदीची वर्षं रस्ते मोजण्यात गेली. मग एका हौशी धावपटूंच्या क्लबाने मला विकत घेतलं. त्यांचा दहा किलोमीटरचा मार्ग मीच आखून दिला. कालव्याच्या काठाने पाच किलोमीटर जायचं, दिव्याच्या खांबाला वळसा घालून परत यायचं. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. पुढे सगळ्यांच्या मनगटांवर घड्याळं आली आणि माझी रवानगी झाडू-बादल्यांच्या कपाटात झाली.

कपाटाच्या फटीतून मी यांना अकरा वर्षं बघतो आहे. अर्धा तास बुटांवर चर्चा, पाव तास फोटो. उरल्या वेळात धावणं. यांचा म्होरक्या कप्तान विमा विकतो. चौथ्या किलोमीटरला धाप लागली की तो नाडी बांधायला खाली बसतो, असं बाकीचे हसत सांगतात. त्याच्यासमोर मात्र त्याला गुरू म्हणतात.

एकच बाई वेगळी. सगळे तिला मावशी म्हणतात. ती शिवणकाम करते. दिवसभर मशिनच्या पायडलवर तिचे पाय हलतात आणि ती मात्र जागची हलत नाही. म्हणून रविवारी पहाटे कालव्याच्या वाटेवर ती सगळ्यांच्या आधी हजर असते. क्लबाच्या भिंतीवर एक फळा आहे. दहा किलोमीटर तासाच्या आत धावणाऱ्याचं नाव त्यावर लागतं. सात वर्षं मावशी त्या नावासाठी धावत होती. एक तास चाळीस सेकंदांच्या खाली ती कधी आली नव्हती.

एका रविवारी ती आली. एकोणसाठ मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. टाळ्या वाजल्या, फळ्यावर नाव लागलं. पण त्याच दिवशी आणखी आठ जणांनी आपापला विक्रम मोडला होता.

"बघा, माझ्या नव्या व्यायामाची जादू!" कप्तान म्हणाला.

मावशीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "सगळ्यांच्या विजारी एकाच दिवशी सैल होत नाहीत हो कप्तान. टेप सरकलेला असतो."

"माझं घड्याळ बरोबर दहा किलोमीटर दाखवतंय, मावशी. ते उपग्रहाशी बोलतं!"

मावशीने कपाट उघडून मला बाहेर काढलं.

"अहो, ते गंजकं खेळणं!" कप्तान हसला. "ते कुणाशी बोलतं?"

"जमिनीशी," मावशी म्हणाली.

तिने आधी माझीच परीक्षा घेतली. मशिनचं तेल घातलं, पोलादी टेप जमिनीवर अंथरला आणि मला त्याच्या कडेने पाच वेळा चालवलं. अकरा वर्षांनी कुणीतरी शहाणं माणूस भेटलं. मग आम्ही खांबापर्यंत गेलो. माझ्या डबीत आकडा आला चार हजार नऊशे सत्तावन्न. रस्ता रुंद करणाऱ्यांनी त्या आठवड्यात खांब उपटून त्रेचाळीस मीटर अलीकडे रोवला होता. पदपथावर जुन्या जागी ताज्या सिमेंटचा चौकोन होता. त्यावरून रोज माणसं जात होती. जाता-येता शहाऐंशी मीटर कमी, म्हणजे मावशीच्या चालीने एकतीस सेकंद. एवढा फरक उपग्रहाशी बोलणाऱ्या घड्याळांच्या चुकीत सहज जिरतो.

"कुणाला कळणार आहे मावशी? राहू द्या ना नाव," कप्तान म्हणाला. नवविक्रमी आठ जण भलतीकडे बघत होते.

"मला कळलंय ना. तेवढं पुरे," असं म्हणून तिने बाहीने आपलं नाव पुसलं. बाकी कुणी आपला विक्रमी आकडा मागे घेतला नाही. आजही ते तो आकडा पाहुण्यांना ऐकवतात.

पुढच्या रविवारी ते सगळे खांबापाशीच वळले. मावशी एकटी पुढे गेली आणि सिमेंटच्या चौकोनाला वळसा घालून परतली. एक तास, नऊ सेकंद. खरं तर नाव लागलं त्या दिवसापेक्षाही ती वेगाने धावली होती. हा हिशोब तिथल्या एकाही महागड्या घड्याळाने केला नाही. टाळ्या वाजल्या नाहीत.

गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत मावशी हसली. "नऊ सेकंद," ती म्हणाली. "आता नक्की किती उरलंय, ते तरी कळलं."

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं जुनं माप पडलं असेल. त्याला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि ते तुमच्या मनाविरुद्ध बोललं, तर त्याला गंजकं म्हणण्याआधी एकदा त्याच्यासोबत चालून या.