उकिरड्यावरची पन्हळ

स्वराज्य आलं, कचेरीत गुरुदत्त गुप्ते यांची बढती झाली, पण चरईच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीची मागची खिडकी काही उघडली नाही. त्या खिडकीखाली काळुरामचा गोठा होता. तीन म्हशी, एक गाय आणि कडेला उकिरडा. भातशेतीसाठी काळुराम वर्षभराचं शेण तिथे साठवी. गेल्या वर्षापासून त्याला अशी दुर्गंधी सुटली होती की खिडकी किलकिली केली तरी डोळे चुरचुरत.

गुरुदत्तांनी नाकाला रुमाल लावून दिवस काढलेही असते. पण त्यांच्या पत्नीला, चित्राला, दमा होता. खिडकी लावली की तिचा जीव घुसमटे आणि उघडली की खोकल्याची उबळ थांबत नसे. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हिला मोकळी हवा मिळाली नाही तर माझ्या औषधांचा उपयोग नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी गुरुदत्तांचा निश्चय झाला. "उद्या सॅनिटरी इन्स्पेक्टरला घेऊनच येतो. गोठा इथून हलला पाहिजे."

डोंबिवलीच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या थोरल्या भगिनी शुभदाताई जेवायला आल्या होत्या. आवाज न चढवता समोरच्याला अडचणीत आणायची त्यांना सवयच होती.

"आणि जनावरं कुठे जातील?"

"कुठेही जावोत. विकू दे त्याला."

"मग दूध?"

गुरुदत्तांनी हातातला कप खाली ठेवला. चहा त्याच दुधाचा होता.

"दत्तू, एक सांग. अंगण शेणाने सारवतात तेव्हा तू नाक धरतोस का? गोवरीला असा वास येतो का? मग त्याच शेणाला इथेच काय होतं?"

"साठतं, म्हणून."

"गोवऱ्याही साठवतातच की. चल, बघून येऊ."

उकिरडा बघायला जाणं गुरुदत्तांच्या इभ्रतीत बसत नव्हतं, पण ताई पदर खोचून जिना उतरल्यासुद्धा. खाली ढीग नव्हताच, काळं डबकं होतं आणि त्यावर बुडबुडे फुटत होते. तेवढ्यात चाळीतल्या कुणीतरी मोरीत बादली ओतली. साबणाचं पाणी पत्र्याच्या पन्हळीतून धावत आलं आणि थेट त्या डबक्यात पडलं.

"ही पन्हळ इकडे कुणी वळवली?" ताईंनी विचारलं.

काळुराम वैरण टाकता टाकता पुढे आला. "भाऊसाहेबांनीच की, गेल्या सालच्या शिमग्याला," गुरुदत्तांकडे बघत तो आपुलकीने म्हणाला. "चाळीच्या दारात चिखल व्हायचा ना. मी बोललो, येऊ द्या हिकडं. शेण ओलं ऱ्हायलं का लवकर कुजतं."

तो चिखल घालवल्याबद्दल गणेशोत्सवात चाळीने गुरुदत्तांना नारळ दिला होता. वासही त्याच साली सुरू झाला, पण या दोन गोष्टींची सांगड घालायचं कुणालाच सुचलं नाही.

"ओलं असावं, बुडालेलं नसावं," ताई म्हणाल्या. "वारा लागतो ते शेण कुजतं. पाण्याखाली राहतं ते सडतं. कुजणं वेगळं आणि सडणं वेगळं. इथून जे हवेत उडतंय ते चित्राच्या छातीत शिरतंय, आणि काळुराम, तुमच्या खताचा कसही त्याच्याबरोबर उडून जातोय."

गुरुदत्तांना मान वर करून खिडकीकडे बघवेना. बायकोचा श्वास कोंडणारं पाणी आपण आपल्या हाताने वळवलं, आणि वर्षभर शिव्या मात्र म्हशींना घातल्या! त्यांना मनापासून लाज वाटली. तरी सवयीने ते म्हणाले, "पन्हळ काढली तर दारात पुन्हा चिखल होईल."

"मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी लावायचं विसरलास वाटतं चाळीत येऊन?" ताईंनी विचारलं.

सोमवारी इन्स्पेक्टर आला नाही. गुरुदत्तांनी रजा काढली, पन्हळ कोपऱ्यात वळवली आणि दगडगोट्यांचा खड्डा करून भोवती केळी लावल्या. काळुरामने शेण उपसून उंचवट्यावर घेतलं. एक थर शेणाचा, एक पाचोळ्याचा, वरून माती आणि त्यावर पेंढ्याचं छप्पर. उपसताना घाण अशी उसळली की सगळी चाळ गुरुदत्तांच्या नावाने बोटं मोडू लागली, आणि चित्राला ताईंकडे डोंबिवलीला धाडावं लागलं.

ती परतली तेव्हा दिवाळी होती. पाडव्याच्या संध्याकाळी तिने कुणाला न विचारता मागची खिडकी उघडली आणि तिथेच उभी राहिली. शेणाचा वास होता, गोठ्याला असायचा तेवढाच. खोकला आला नाही. खाली काळुरामची बायको मालू रिवाजाप्रमाणे उकिरड्यावर पणती ठेवत होती.

"अगं मालू, थांब, आमचीही एक ठेव," चित्राने हाक मारली. पणती घेऊन गुरुदत्त स्वतः खाली गेले.

वाचकहो, शेण साठवणाऱ्याने ते कोरड्या पाचोळ्याच्या थरांत, मातीखाली झाकून साठवावं, म्हणजे शेताचा कस आणि शेजाऱ्याची हवा दोन्ही राहतात. आणि नाक धरून शेजाऱ्याचा गोठा उठवायला निघण्याआधी प्रत्येकाने एकदा जिना उतरून, आपल्या मोरीचं पाणी कुठे जातं ते पाहून यावं.