वस्तू क्रमांक सात

"वस्तुसंग्रहालय म्हणजे मानवाने काळाच्या छातीवर रोवलेला विजयध्वज आहे!" राजाराम गुरुजींनी चौथीच्या वर्गाला ठणकावून सांगितलं आणि संग्रहालयाचं दार उघडायला गेले. दार बिजागरीसकट हातात आलं. आतली वाळवी काळाच्या पक्षात होती.

संग्रहालय म्हणजे शाळेचं जुनं काचेचं कपाट. मिरजोळ्यापलीकडच्या त्या शाळेत हा विजयध्वज रोवला गेला तो ८४ सालच्या एका परिपत्रकामुळे. त्यापायी गुरुजी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात दहा दिवस शिकून आले होते. तिथले लोक जुन्या वस्तू पांढरे हातमोजे घालून उचलतात, हे त्यांच्या मनात फार भरलं होतं. रत्नागिरीच्या बाजारात हातमोजे मिळेनात, म्हणून गुरुजींनी कवायतीचे पांढरे पायमोजे हातांत चढवले.

मुलांनी घरून वस्तू आणल्या होत्या. तुटका कंदील, गंजका गळ, कुणाच्या आजोबांचा गोदीतला बिल्ला. रामाने पणजोबांना आणू का म्हणून विचारलं होतं. नोंदवहीत हयात माणसांसाठी रकाना नसल्याने गुरुजींनी नाही म्हटलं.

"वस्तूचे शत्रू किती?"

"चाऽऽर! उजेड, ओल, कीड आणि हात!"

"सगळ्यात वाईट कोण?"

"हाऽऽत!"

गुरुजींनी समाधानाने मान हलवली आणि पायमोज्यांतल्या हातांनी वस्तू क्रमांक सात टेबलावर ठेवली. 'चिनी मातीची बरणी, उंची नऊ इंच.' देणगीदाराच्या जागी त्यांचंच नाव होतं. बरणीत काय आहे ते चिठ्ठीवर नव्हतं.

आत गुरुजींच्या पत्नीने, मथुराबाईंनी, घातलेलं कैरीचं लोणचं होतं. दोन वर्षांपूर्वी वैशाखात त्यांनी ते घातलं, झाकण लावून तोंडाला फडकं बांधलं, निळ्या काठाची चिंधी फाडून वर गाठ मारली आणि आषाढात गेल्या. तेव्हापासून गाठ सुटली नव्हती. गुरुजींना लोणच्याचं काही नव्हतं, गाठीचं होतं. त्या बाईच्या हातची घरात तेवढीच एक गोष्ट जशीच्या तशी राहिली होती. संध्याकाळी ते बरणीसमोर बसत आणि गाठीला शाळेच्या बातम्या सांगत. पण शेजारच्या आनंदीबाई दर आठवड्याला कुंपणावरून विचारायच्या, "गुरुजी, मथुराचं लोणचं संपलं काय वो?" एखाद्या दिवशी भिडेखातर आपणच गाठ सोडून बसू, या धास्तीने त्यांनी बरणी शासनाच्या स्वाधीन केली होती.

"गुरुजी," पहिल्या बाकावरची सगुणा उठली, "ह्याच्यात लोणचं हाय ना?"

"ती ऐतिहासिक वस्तू आहे. खाली बस."

"आंबूस वास येतोय." तिने जवळ येऊन हुंगलं. "पावसाळा सरल्यावर तेल ओतलंत काय?"

"तेल?"

"आय ओतते. कडवून, थंड करून. नायतर वरच्या फोडी उघड्या पडतात नि बुरशी धरते. बाबा मुंबईशून शिमग्याला येतात, तोवर आय कुणाला बोट लावू देत नाय. पन सोता महिन्याला उघडून बघते."

"वस्तूला हात लावायचा नसतो, सगुणा. आत्ताच शिकवलं ना?"

"मग आत काय झालं ता कळायचं कसं?"

मुंबईच्या दहा दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गुरुजींनी बोटांवर मोजलं. दोन पावसाळे. मथुराबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, अहो, एवढं शिकलात नि तेल घालायचं सुचलं नाही?

"नासलं असेल का गं?" त्यांनी विचारलं. ते गुरुजींसारखं वाटलं नाही.

"उशीर केलात तर नासंल."

गुरुजींनी गाठीला हात घातला. पायमोज्यांत ती धरवेना. त्यांनी मोजे काढले. गाठ घट्ट होती; मथुराबाई कुठलंच काम सैल करत नसत. कितीतरी वेळ ते नखाने टोकरत राहिले. मग अचानक चिंधी सुटून टेबलावर पडली, नुसती चिंधी. गुरुजींनी ती उचलली, पुन्हा तशी बांधता येईल का ते पाहिलं. येत नव्हतं.

सगुणाने फडकं बाजूला करून झाकण काढलं. एका कडेला चार फोडींवर पांढरा थर होता. पाटीवरची खडूची नक्षी पुसावी इतक्या निर्विकारपणे तिने तो भाग आपल्या डब्यातल्या चमच्याने काढून टाकला. मुंबईला हे करायला तिघांची समिती लागली असती. "खालचं ब्येस हाय," ती म्हणाली.

हिंग, मेथी आणि मोहरीचा वास वर्गभर पसरला. ऐन दुपारी स्वयंपाकघरातून कुणीतरी "हात धुवा, पानं घेतली" म्हणावं तसा. गुरुजी नोंदवहीत तोंड घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मुलांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. चारही शत्रूंची नावं कुणाला आठवत नव्हती.

शेवटी त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. आता मोठं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून वर्ग सावरून बसला.

"सगुणा," गुरुजी हळूच म्हणाले, "तुझ्या डब्यात भाकरीचा तुकडा उरलाय काय गं?"