वहिनी, लावू का?

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये दोन चार्जर शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक टेबलाखाली मावेल एवढा, हिरवा. दुसरा लहान कपाटाएवढा, राखाडी, खाली चाकं असलेला.

"हा छोटा म्हणजे म्हातारा माणूस," शेडचा मालक धर्मराज म्हणाला. "संध्याकाळी जेवायला बसतो, सकाळी हात धुतो. हा मोठा चार तासांत ताट साफ. मॅडम, गाडी कुठली म्हणालात?"

"जुनी फियाट. इंजिन काढून मोटर बसवलीय. गोदीतल्या फोर्कलिफ्टची."

धर्मराजने हातातला पाना खाली ठेवला. "मुस्तफासाहेबांची? वाशीगावातली? अहो, ते माझ्याकडे यायचे की! फियाटच्या पोटात फोर्कलिफ्ट घालणारा दुसरा माणूस नाही पाहिला मी." मग सबिहाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "कळलं मला. फार उशिरा कळलं."

सबिहाने नुसती मान हलवली. गेल्या चार महिन्यांत मान हलवायची तिला सवय झाली होती.

अब्बांनी गोदीच्या बॅटरी वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर लिलावातली मोटर आणि एक जुनाट चार्जर आणून त्यांनी ही गाडी बनवली, ती अम्मीसाठी. अम्मीला दमा होता. रिक्षाच्या धुरानेसुद्धा तिची छाती भरून यायची. या गाडीला ना धूर, ना आवाज. अम्मी म्हणायची, ही गाडी नाही, चालती खुर्ची आहे.

आता अम्मी इद्दतीत होती. नवऱ्यामागे बाईने घराबाहेर पडायचं नाही, तो काळ. येत्या शुक्रवारनंतर तो संपणार होता. रिवाजाप्रमाणे मामू तिला बेलापूरला आपल्या घरी न्यायला येणार होते, पण अम्मीने एकच गोष्ट मागितली होती. "बाहेरचं पहिलं पाऊल तुझ्या अब्बांच्या गाडीत टाकेन. तू चालव."

आणि मागच्या रविवारी चार्जर जळाला होता. बॅटऱ्या निम्म्याच भरलेल्या होत्या. तशाच पडून राहिल्या तर कायमच्या बसतील, हे सबिहाला अब्बांनीच शिकवलं होतं.

"मोठा घ्या," धर्मराज म्हणाला. "पण त्याला वेगळी लाईन लागेल, खांबापासून. माझा माणूस मंगळवारी जोडून देईल. घरमालकाची सही तेवढी आणा. छोट्याला काही नको, आहे त्या लाईनीवर चालेल. फक्त घरातल्यांनी जरा सांभाळून वापरायचं."

सबिहाला मोठाच हवा होता. वेगळी लाईन म्हणजे कुणाला त्रास नाही, कुणाचे उपकार नाहीत. चार महिने तिने उपकारच घेतले होते. मयतीच्या दिवशी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालक गोटीकाकांनी स्वतः रस्त्यावर उभं राहून पाहुण्यांच्या गाड्या लावून घेतल्या होत्या. पहिले तीन दिवस त्यांच्या बायकोने, पुतळाकाकींनी, वर चूल पेटू दिली नव्हती. शाकाहारी जेवण, वेगळ्या नव्याकोऱ्या पातेल्यात, कुणाला संकोच वाटू नये म्हणून. एवढं कसं फेडायचं, हे तिला कळत नव्हतं. निदान आणखी वाढवू तरी नये.

गोटीराम ओट्यावर बसून बोंबलाच्या जाळीदार टोपलीला सुतळी बांधत होते. शेती गेली, तिच्या जागी तीन मजले उभे राहिले, तरी त्यांचे हात रिकामे बसत नसत. सबिहाने कागद पुढे केला.

"सही? कसली सही, पोरी?"

तिने सांगितलं. गोटीरामांनी सुतळी दातात धरली, कागद उलटासुलटा करून पाहिला, आणि परत दिला.

"आमच्या लाईनीला काय झालं?"

"काही नाही, काका. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास!" आतून पुतळाकाकी ओला हात पदराला पुसत बाहेर आल्या. "तीन वर्सं तुजा बाप त्रास देत व्हता, तवा नाय कोनी कागद आनला. तू तर रविवारी दुपारी, आमी निजलो का चोरावानी गाडी लावतेस. आमाला काय दिसत नाय?"

"तुमची झोपमोड होऊ नये म्हणून, काकी."

"गाडी काय घोरते?"

गोटीराम खोकल्यासारखं हसले. "पोरी, खरं सांगू काय? सही करतो मी. लाईन घे वेगली. माजा फायदाच हाय. मना मिक्सरचं वाटन खायला मिलंल."

"गप बसा वो तुमी," पुतळाकाकी म्हणाल्या.

"का गप बसू? पोरीच्या सासरवरनं मिक्सर आला, तो फडक्यात गुंडालून ठेवलाय. मुस्तफाभायची गाडी लागली का हिचा मिक्सर बंद. एकदा दोनी संगती चालवलं तर फ्यूज उडाला, आनि वरती तुजी अम्मी अंधारात. तवापासून ही पाट्यावर वाटते. मी पंपसुदा पहाटे लावतो."

सबिहा उभी होती ती ओट्याच्या पायरीवर बसली. तीन वर्षं रोज संध्याकाळी पाट्यावर वरवंट्याचा आवाज तिने वर, पुस्तक वाचता वाचता ऐकला होता. पुतळाकाकी जुन्या वळणाच्या आहेत, एवढाच अर्थ तिने त्याचा लावला होता.

"अब्बांना तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? मानूस रोज दारात येऊन इचारायचा, 'वहिनी, लावू का?' मी सांगायची, वाटन झालं, लावा." काकींनी तिच्याकडे न बघता ओट्यावरचा कचरा पायाने बाजूला सारला. "तेवडं तर बोलनं व्हायचं रोज. आता कोन येतंय?"

वर येऊन सबिहाने अम्मीला सगळं सांगितलं. अम्मी खिडकीपासून दूर, भिंतीला टेकून तसबीहचे मणी ओढत होती. मणी थांबले.

"तुला वाटतं तुझ्या अब्बांना ठाऊक नव्हतं? कान नव्हते का त्यांना? गाडी लावून ते वर यायचे आणि लगेच खालून पाटा सुरू व्हायचा. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी परत खाली गेले होते, गाडी काढायला. मग अर्ध्या जिन्यातून वर आले. म्हणाले, खदीजा, ती बाई इतक्या प्रेमाने खोटं बोललीय, तिला खोटं कसं पाडू?"

"आणि मग नुसतं घेत राहिले?"

"रोज विचारून घेत राहिले." अम्मीने पुढचा मणी ओढला. "तुझ्या अब्बांना घेता यायचं, सबिहा. देणं सगळ्यांना येतं."

तो सहीचा कागद सबिहाने घडी करून पर्समध्ये ठेवला, मग काढून फाडला.

सोमवारी ती तुर्भ्याला गेली तेव्हा धर्मराज मोठ्या चार्जरवरची धूळ पुसूनच बसला होता.

"छोटा द्या," ती म्हणाली.

"मॅडम! घरमालकाने सही नाही केली ना? हे मालक लोक म्हणजे..."

"करत होते. मीच नाही घेतली."

"मग रोज त्यांना विचारत बसाल?"

"हो," सबिहा म्हणाली. "रोज."

धर्मराजने खांदे उडवले, पण हिरवा चार्जर स्वतः उचलून रिक्षात ठेवला. "साहेबांनासुद्धा मी मोठा दाखवला होता," तो म्हणाला. "दरवेळी बघायचे, त्यावरून हात फिरवायचे, आणि म्हणायचे, छान आहे, पण आमच्या घराला नको. मला वाटायचं, चिक्कू माणूस." तो ओशाळून हसला. सबिहाही हसली. अब्बांच्या मागे कुणासमोर अशी हसण्याची तिची पहिलीच वेळ.

दिवेलागणीला चार्जर अंगणातल्या बोर्डाखाली ठेवून ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. विचारायचे शब्द अब्बांचे होते. तिच्या तोंडी ते उसने घेतल्यासारखे वाटत होते.

"काकी," ती शेवटी म्हणाली, "लावू का?"

पुतळाकाकी वळल्या. परातीत कोलंबी सोलून ठेवलेली होती. नारळाची कवड तशीच अख्खी होती, मिरच्यांना हात लागलेला नव्हता.

"वाटन झालं," त्या म्हणाल्या. "लाव."

सबिहाने गाडीला वायर जोडली, बटण दाबलं. चार्जर हळू गुणगुणायला लागला. त्यावरचा काटा थरथरला, खाली येतोय की काय असं वाटलं, मग सावकाश वर चढला आणि तिथे थांबला. बॅटऱ्या घेत होत्या. शुक्रवारपर्यंत पोटभर घेतील.

ती परत दाराशी आली तेव्हा काकी पाटा आडवा करत होत्या. सबिहाने चपला काढल्या, आत गेली, हात धुतले आणि पाट्यासमोर बसली.

"सरा तुम्ही. मी वाटते."

"तुला जमनार हाय? पुस्तकं वाचनारी तू!"

"नाही जमणार. शिकवा."

"वरवंटा असा धर. अगं, बालाला पकडल्यासारखा नको, जरा जोर लाव! अवो, या बघायला, आज रात्री तुमच्या कालवनात खडे हायेत!"

"वाटेल ते खातो," बाहेरून गोटीराम ओरडले. "मिक्सर तर नशिबात नाय."

नारळ पाट्यावरून चौफेर उडत होता. वरवंट्याला एक लय सापडली, सुटली, पुन्हा सापडली. तेवढ्यात वरच्या खिडकीतून अम्मीचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी एवढा मोकळा.

"सबिहा, गाडी लावलीस वाटतं?"