म्हशीच्या तारखा आणि सुनेचे ठिपके

मी एक दिनदर्शिका बोलतेय. घरात मला सगळे 'कालंडर' म्हणतात, आणि तसं म्हटलं की मी 'ते' होते. पण पुढची हकीकत बायकांची आहे, म्हणून तेवढ्यापुरती मला बाईच समजा.

माझा जन्म जालन्याच्या एका छापखान्यात झाला. बियाण्याच्या दुकानदाराने मला छापून घेतलं, त्यामुळे माझ्या प्रत्येक महिन्यावर एकेक पीक आहे. मार्चला मिरची, एप्रिलला भेंडी. नोव्हेंबरला कपाशीचं एवढं मोठं बोंड आहे, की ते बघून खरी कपाशी लावणारे मान खाली घालतात.

डिसेंबरअखेरीस साहेबरावांनी मला बगलेत मारून वाटूरला आपल्या घरी आणलं. स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला टांगलं, शेजारी दोरीने एक निळं पेन बांधलं आणि बजावलं, "ह्या पेनाला कुणी हात लावायचा न्हाई."

ते पेन म्हशीसाठी होतं. म्हशीचं नाव चिमणी, वजन साडेपाचशे किलो. ९ जानेवारीला साहेबरावांनी माझ्यावर लिहिलं, 'चिमणी भरवली.' ३० जानेवारीला लिहिलं, 'माजावर आली न्हाई. गाभण आसावी.' तिची लस, तिचं जंताचं औषध, सगळं माझ्यावर होतं. एकदा ती शिंकली, तेही होतं.

घरात आणखी दोघीजणी होत्या. साहेबरावांच्या पत्नी उषाबाई आणि सून शीतल. शीतलचा नवरा भारत जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला, तो रविवारी घरी यायचा. या तिघांबद्दल माझ्यावर एक अक्षर नव्हतं.

फेब्रुवारीत अंगणवाडीत बायकांची बैठक झाली. तिथे आशाताईंनी सांगितलं, पाळीच्या तारखा लिहून ठेवत जा. शीतलने ते मनावर घेतलं. पण पेनाला हात लावायचा नव्हता. म्हणून ३ मार्चला तिने नखांना लावायच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका माझ्यावर ठेवला. मला गुदगुल्या झाल्या. ती रोज एक ठिपका देत गेली. पाच झाले, सात झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी मला गुदगुल्या होईनात, मला काळजी वाटायला लागली.

पहिले दोन दिवस ती पोटाला पदर आवळून उंबऱ्यावर बसून राहायची. उषाबाई म्हणायच्या, "बाईच्या जातीला हे आसतंच. ओव्याचं पाणी पी."

त्या घरात पाळीचे पाच दिवस चुलीला शिवायचं नाही, असा नियम होता. ज्याने हा नियम केला त्याने अकरा दिवसांचा विचारच केला नव्हता. सहाव्या दिवशी उषाबाईंनी विचारलं, "झालं का?" शीतल म्हणाली, "न्हाई आत्या." सातव्या दिवशी तेच. उषाबाईंचे गुडघे आधीच दुखरे. भाकऱ्या थापता थापता त्या म्हणाल्या, "नियम तुला अन् मरून मी राह्यले." आठव्या दिवशी त्यांनी परात शीतलकडे सरकवली. "तू थाप. मी बघत न्हाई," म्हणून भिंतीकडे तोंड करून बसल्या. भिंतीवर मी होते. अर्धा तास आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

तेरा दिवस बरे गेले. २७ मार्चला ठिपके पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी रक्तही जास्त. शीतलचा चेहरा माझ्या कागदासारखा पांढरा दिसायला लागला. नळावरून हंडा आणताना ती वाटेत दोनदा खाली बसायची.

८ एप्रिलला साहेबराव माझ्यासमोर आले, चिमणीला तीन महिने झाले असं लिहायला. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि नवा चष्मा आला होता. त्यांना पहिल्यांदा ते ठिपके दिसले. त्यांनी पान मागे उलटलं. मार्चमध्ये आणखी होते. गोठ्यातली झाडलोट उषाबाई करत. त्यांनीच म्हशीचं रक्त बघून खुणा केल्या असणार, असं साहेबरावांनी धरलं. बायकोला एक शब्द विचारायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी थेट जनावरांच्या डॉक्टरांना, अंगद डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, जल्दी या. चिमणीनं गाभ टाकला वाटतं. आधी अकरा दिवस रक्त, आता बारा दिवस."

"बारा दिवस? अन् उभी आहे का?"

"उभी? कडबा खाऊन राह्यली की."

अंगद डॉक्टर तासाभरात मोटरसायकलवर आले. खांद्यापर्यंत लांब मोजा चढवून त्यांनी चिमणी तपासली. चिमणीने मागे वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी चिमणी असते तर मीही तसंच पाहिलं असतं.

"काका, गाभ बराबर आहे. पिल्लू मजेत आहे. रक्ताचा थेंब न्हाई. तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला पाहिजे? लिहेलच हाय." साहेबरावांनी मला खिळ्यावरून काढून गोठ्यात आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी घराबाहेर पडले, तर चिमणीने माझा भेंडीचा कोपरा चावून खाल्ला. चित्र फारच हुबेहूब असावं.

डॉक्टरांनी उरलेला एप्रिल आणि अख्खा मार्च नीट वाचला. बोटाने ठिपके मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

शीतल चहा घेऊन गोठ्याच्या दारात आली होती. ती म्हणाली, "मामा, ते ठिपके माझे हाईत."

साहेबरावांनी टोपी काढली आणि परत घातली. उषाबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी ती खाली ठेवली.

अंगद डॉक्टर म्हणाले, "काका, मी जनावरांचा डॉक्टर. मला ह्यातलं बोलायचा अधिकार न्हाई. पण एवढं रक्त चिमणीचं गेलं असतं, तर तुम्ही मला पहिल्याच दिवशी बोलावलं असतं. वहिनींना उद्या सकाळी बायकांच्या डॉक्टरकडे न्या. अन् हे कालंडर सोबत घ्या."

दुसऱ्या दिवशी साहेबराव, सासू-सून आणि मी बसने जालन्याला गेलो. भारत कारखान्यातून परस्पर दवाखान्यात आला होता. बाहेर बाकड्यावर साहेबराव मला मांडीवर उलगडून बसले. शेजारच्या माणसाने वाकून विचारलं, "काय, जनावरांच्या नोंदी का?" साहेबराव म्हणाले, "न्हाई, सुनेच्या." तो माणूस उठून पाणी प्यायला गेला. साहेबरावांनी मला गुंडाळलं नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं.

बायकांच्या डॉक्टर प्रभावती मॅडमनी मला टेबलावर पसरलं. असं मला आजवर कुणी वाचलं नव्हतं. त्यांनी शीतलला विचारलं, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का, दुखणं कामं थांबवण्याइतकं असतं का, चक्कर येते का. शीतलने खाली बघत सगळं सांगितलं, आणि तिचं संपताच उषाबाई म्हणाल्या, "मॅडम, बाईच्या जातीला हे आसतंच."

"पाळी असते, आजी. हे असं नसतं. तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, हिला धाप लागतीये. तुमच्या वेळी कसं होतं?"

उषाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मी गेले न्हाई. बसले तिथं डाग पडायचे. सगळे म्हणले, हिला गर्व आला."

शीतलने सासूकडे पाहिलं. सासरच्या दहा वर्षांत तिने हे ऐकलं नव्हतं.

तपासण्या झाल्या. शीतलचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं, आणि सोनोग्राफीत गर्भाशयात लिंबाएवढी गाठ दिसली. मॅडम म्हणाल्या, अशा गाठी बहुतेक वेळा साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात, घाबरू नका. उषाबाई म्हणाल्या, "मंग पिशवीच काढून टाका ना. आमच्या गल्लीत तिघींनी काढली."

"एकतीस वर्षांच्या बाईची पिशवी लगेच काढत नसतात, आजी. आधी औषधं देऊन बघू."

शीतलला दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त चढवलं. पुढे लोहाचं सलाईन आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या. साहेबरावांनी निळ्या पेनाने गोळ्यांच्या वेळा माझ्यावर लिहिल्या. जूनमध्ये एकदा गडबडीत 'चिमणी, गोळी जेवणानंतर' असं लिहिलं, आणि शीतल इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. पण ते बसणं निराळं होतं. जुलैपासून तिचे ठिपके पाचव्या दिवशी थांबायला लागले.

सप्टेंबरमध्ये मात्र माझ्यावर दोन वेगळेच ठिपके उमटले. नेलपॉलिशचे नव्हते, कुंकवाचे होते, आणि जरा थरथरलेले. शीतल सिलिंडरची तारीख बघायला आली आणि थबकली.

"आत्या, हे कुणाचे?"

उषाबाई गहू निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "तुला म्हाईत हाय कुणाचे."

उषाबाईंची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. शीतल सुपाजवळ जाऊन बसली. "पाळी गेल्यावर थेंबभर जरी दिसलं तरी दाखवायचं, असं मॅडम म्हणल्या होत्या. कधीपासून?"

"दोनदा झालं. तोंडानं सांगवंना, म्हणून लावलं तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सासू-सून गेल्या, मला काखेत घेऊन. गर्भपिशवीच्या आत एक लहानसा कोंब, पॉलिप म्हणतात तो, निघाला. मॅडमनी तो काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत साहेबराव उषाबाईंना रोज विचारायचे, "बरं वाटतं का?" चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आवं, तुम्ही इचारणं बंद केलं तर वाटंल." रिपोर्ट चांगला आला. शीतलने तो दोनदा मोठ्याने वाचला, आणि साहेबराव गोठ्यात जाऊन बराच वेळ उगीचच चिमणीला खरारा करत बसले.

आता डिसेंबर संपत आलाय. चिमणीला नोव्हेंबरात पारडी झाली. परवा साहेबराव दुकानदाराकडे गेले आणि दोन कॅलेंडरं मागितली. दुकानदार म्हणाला, "काका, घराला एकच असतं." साहेबराव म्हणाले, "एक गोठ्यात लावायचंय." शीतल माझं मार्चपासूनचं प्रत्येक पान दवाखान्याच्या फायलीत ठेवणार आहे. माझी बाकीची पानं फडताळात अंथरली जाणार आहेत. माझी तक्रार नाही.

जाता जाता एवढंच. तुमच्या भिंतीवर माझी एखादी बहीण असेल. सिलिंडरची तारीख लिहिता, तशा घरातल्या बाईच्या तारखाही तिच्यावर लिहू द्या. ठिपके सातच्या पुढे गेले, लवकर परत आले, महिनोन्‌महिने आलेच नाहीत, किंवा बाई दुखण्याने आडवी झाली, तर 'आसतंच' म्हणू नका. आम्हाला खिळ्यावरून काढा, गुंडाळा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात पाठवा. वर्षभर एका जागी लटकून आम्हालाही कंटाळा येतो.