पहिल्या बोयापाशी

योम हाकचोलने सकग्यूला पहिल्यांदा मारलं ते मार्चमध्ये, सायकलच्या पंपाने. घाट चढून आमच्या क्लबातले आम्ही सगळे माथ्यावर थांबलो होतो. अंगातून वाफा निघत होत्या, रस्त्याच्या कडेला अजून मळका बर्फ होता. सकग्यू सगळ्यांच्या आधी वर पोचला होता, योमच्याही आधी, आणि तोच त्याचा गुन्हा होता.

"कुणाला विचारून पुढे गेलास?" योमने विचारलं.

"लय लागली होती दादा. गेलो."

"लय लागली होती म्हणे." योमने माझ्या गाडीतला पंप उचलला. "वाक."

सकग्यू वाकला. चाळिशीला टेकलेला, काँक्रीटचा ट्रक चालवणारा, घरसंसार असलेला माणूस सायकलच्या हँडलवर हात ठेवून वर्गातल्या पोरासारखा वाकला. मांडीच्या मागे फटके बसले. शेवटच्या फटक्याला पंपाचा दांडा वाकडा झाला. सगळे हसले, सकग्यूही हसला. मग योमने त्याच्या गळ्यात हात टाकून त्याला स्वतःच्या थर्मासमधला जवाचा चहा पाजला.

आमच्याकडे वयाने मोठा तो दादा, आणि दादाचा हात उठला तर आपण मान खाली घालायची. योम तर क्लबचा कप्तानही होता. सुनचॉन शहरात त्याचं डुकराच्या मटणाचं हॉटेल होतं, तरुणपणी नौदलात होता आणि सप्टेंबरची लांब पल्ल्याची शर्यत त्याने चारदा पुरी केली होती. तलावात चार किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसून जिरीसानच्या डोंगरात एकशेऐंशी किलोमीटर तुडवायचे आणि त्यानंतर बेचाळीस किलोमीटर पळायचं, अशी ती शर्यत. सकग्यूला आयुष्यात एकदा ती करायची होती. का, ते त्याला सांगता यायचं नाही. "ट्रकमध्ये बसून बसून माझा दगड व्हायला लागलाय, ताई," एवढंच एकदा म्हणाला होता.

मी योंग-ओक. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. गुडघे गेल्यापासून मी शर्यती सोडल्या. रविवारी सायकलवाल्यांच्या मागे गाडी चालवायची, पाणी आणि चाकं पुरवायची हे काम माझ्याकडे आलं. सोमजिन नदीवर वडिलांच्या होडीत वाढले, म्हणून शर्यतीच्या दिवशी पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला मला कयाक, म्हणजे एकट्याची निमुळती होडी, देतात.

सकग्यूला पाण्याची भीती होती. योमकडे त्यावर औषध होतं. त्याला तो 'धुणं' म्हणायचा. गुरुवारी तरणतलावाच्या एकाच पट्ट्यात सहा जण उतरायचे, नवा माणूस मधे. बाकीच्यांनी त्याला कोपर मारायचं, घोटा धरून मागे ओढायचं, पाठीवर चढायचं. "शर्यतीत हजार माणसं एकदम पाण्यात पडतात," योम म्हणायचा. "तिथे कुणी माफी मागत बसत नाही." सकग्यूची पाळी आली की शेवटी योमचा पंजा त्याच्या डोक्यावर असायचा. एकदा तो वर आला तेव्हा नाकातून रक्ताची धार लागली होती आणि तो काठाला धरून ओकत होता.

"पुरे की आता," मी म्हणाले.

"ताई, तू स्वयंपाक बघ," योम म्हणाला. "मटण कुटल्याशिवाय मऊ होत नाही."

आणि खरं ते सांगायला हवं, एप्रिल संपेपर्यंत सकग्यू माशासारखा पोहू लागला.

मे महिन्यात ते झालं. सोंगसामजेच्या खिंडीतून आम्ही उतरत होतो. योम सगळ्यांत पुढे, त्याच्या मागे सकग्यू, त्याच्या मागे माझी गाडी. बाकीचे वळणांमागे राहिले होते. सरळ उतार लागला तसा सकग्यू डावीकडून योमच्या बरोबरीला आला. त्याने वळून पाहिलंही नाही. योमने हात लांबवला, सकग्यूच्या शर्टाची पाठ मुठीत धरली आणि मागे खेचली.

सायकल त्याच्याखालून उडाली. तो तोंडावर पडला आणि तसाच घसरत लोखंडी कठड्याला जाऊन धडकला. मी ब्रेक दाबला तरी गाडी त्याच्या पायांपासून हातभरावर थांबली. उतरून बघते तर गालाचं कातडं सोलून कानापाशी गोळा झालेलं, खालचा जबडा भलत्याच बाजूला, आणि डांबरावर दात. गळ्याखालचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तो ओरडत नव्हता. घशातून गटारासारखा आवाज येत होता.

योम सायकल ढकलत परत आला. "चाकाला चाक लागलं," तो म्हणाला.

"तू ओढलंस त्याला. मी बघितलं."

"चाकाला चाक लागलं, योंग-ओक."

मी पोलिसांना जे बघितलं ते सगळं सांगितलं. पोलीस इस्पितळात सकग्यूच्या खाटेपाशी गेला. जबडा तारांनी बांधलेला, गळ्याच्या हाडात धातूची पट्टी बसवलेली. "तुम्हाला कुणी ओढलं का?" पोलिसाने विचारलं. सकग्यूने मान हलवली. नाही. पोलिसाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गल्लीत भांडणं लावत फिरणारी बाई आहे.

तो गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललास?"

त्याचे दात एकमेकांना बांधलेले होते, शब्द फटीतून यायचे. "पोलीस काय करणार त्याचं? चार दिवस खेटे घालायला लावतील. मला तो पाण्यात हवाय, ताई."

मला वाटलं, तापात बोलतोय.

पण जुलैत तो क्लबमध्ये परत आला. पेज आणि दूध पिऊन गाल खोबणीसारखे आत गेले होते. योमच्या हॉटेलात सगळ्यांसमोर त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. "दादा, माझं चुकलं. मी आडवा आलो." योमने त्याला शेजारी बसवलं, सोजूची दारू ओतली, भाजलेल्या मटणाचा सगळ्यात चरबीदार तुकडा भाजीच्या पानात गुंडाळून स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात कोंबला. सकग्यूला अजून नीट चावता येत नव्हतं. त्याने तो तसाच गिळला.

जुलै-ऑगस्टच्या त्या उन्हाळ्यात त्याने शरीराचे हाल केले. भर दुपारी, रस्ता पायाला चिकटत असताना पळायचा. उलटी व्हायची, तोंड पुसून पुढे पळायचा. गळ्यावरच्या टाक्यांतून पाणी यायचं तरी तलावात उतरायचा. त्याची बायको मीरान एकदा माझ्याकडे आली. हाताला पट्टी होती.

"त्याने मारलं?" मी विचारलं.

"मला नाही. टबात डोकं बुडवून पडला होता. बराच वेळ. मला वाटलं, गेला. मी केस धरून वर ओढलं तर असा झटकला की मी आरशावर पडले. मग स्वतःच रडत काचा वेचत बसला." तिने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "ताई, तो झोपेत मोजतो. श्वास मोजतो."

मी सकग्यूला गाठलं. "शर्यत करायचीय की माणूस मारायचाय?"

"दोन्ही एकाच दिवशी आहे," तो म्हणाला आणि हसला. पुढचे दात नसलेलं ते हसू बघून मी योमकडे गेले. सांगितलं, याच्यापासून लांब राहा, याच्या मनात बरं नाही. योमने चिमट्याने कोळसे उलटले. "असू दे. राग असला की माणूस जोरात पोहतो. मीच घडवलाय त्याला."

शर्यतीच्या सकाळी तलावावर धुकं होतं. माझी कयाक पहिल्या बोयापाशी, वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या मोठ्या फुग्यापाशी होती. पोहणाऱ्यांना तिथे काटकोनात वळावं लागतं, म्हणून सगळी गर्दी त्या एका जागी दाटते. भोंगा वाजला आणि हजार माणसं पाण्यात पडली. लांबून तो आवाज दगड ओतल्यासारखा येतो. जवळ आले तसे हात, पाय, टाचा दिसू लागल्या. कुणाचा चष्मा निघालेला, कुणाचं नाक फुटलेलं. एकजण माझ्या कयाकला धरून खोकला आणि परत त्या गर्दीत घुसला.

योमला मी ओळखलं, त्याच्या काळ्या पोशाखावर लाल पट्टा होता. त्याच्या पुढ्यात सकग्यू. योमने सवयीने हात टाकला, सकग्यूचा घोटा धरला आणि मागे ओढलं. मग त्याच्या पाठीवरून पुढे जायला लागला.

सकग्यू वळला. पाण्यात असा वळणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता. त्याने योमची मान काखेत धरली, पाय त्याच्या कमरेभोवती अडकवले आणि दोघंही खाली गेले. वरून माणसं पोहत गेली. कुणाला काय कळणार, तिथे सगळेच एकमेकांना तुडवत होते.

मी वल्हं मारत गर्दीत घुसले. माणसं शिव्या देत बाजूला झाली. पाण्याखाली योमचा पांढरा हात दिसला, बोटं उघडत-मिटत होती. मग ती नुसती उघडी राहिली. सकग्यूचं डोकं वर आलं, त्याने एक श्वास घेतला. योमला वर येऊ दिलं नाही.

"सोड त्याला."

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या बघण्यात. मी वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि पात्याच्या कडेने त्याच्या कपाळावर घातलं. भुवई उघडली. त्याने सोडलं नाही. दुसरा घाव मी त्याच्या गळ्याच्या हाडावर घातला, जिथे पट्टी बसवली होती तिथे, अंगात होती नव्हती ती ताकद लावून. तो ओरडला. पकड सुटली.

योम पालथा वर आला. मी त्याची कॉलर धरली, शिट्टी फुंकली. मागे वळून बघितलं तेव्हा सकग्यू एका हाताने पाणी कापत पुढे निघाला होता.

काठावर योमच्या छातीवर दाब देताना एक बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर त्याच्या तोंडातून पाणी आणि कालचं जेवण आलं, आणि तो खोकला. त्याच्यासोबत कुणी नव्हतं, म्हणून रुग्णवाहिकेत मीच बसले.

दुपारी तो शुद्धीवर आला. मी सांगितलं होतं म्हणून पोलीस आला होता. योम म्हणाला, "पायात पेटका आला. सकग्यूनेच मला वर ढकललं." पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मे महिन्यातलंच बघणं.

मी गाडी काढली आणि पळण्याच्या रस्त्यावर, नदीकाठी जाऊन उभी राहिले.

सकग्यूला वाटत होतं की योम मेला. हे त्याने मला पुढे सांगितलं. दिवसभर तो डोंगरात सायकल मारत होता ते माणूस मारून आलो या खात्रीने. "प्रत्येक वळणावर वाटायचं, पुढे पोलीस उभे असतील. नसायचे. थांबलो असतो तर कुणीतरी सांगितलं असतं. म्हणून थांबलो नाही." उतारावर त्याने ब्रेकला बोट लावलं नाही. दोनदा पडला. दुसऱ्यांदा खड्ड्यात पडला तेव्हा तिथेच पडून राहावं असं वाटलं, पण एका म्हातारीने शेतातून येऊन त्याला उभं केलं आणि सायकल हातात दिली.

संध्याकाळच्या उन्हात तो पळत आला. पळत कसला, फरफटत होता. भुवईचं रक्त वाळून काळं झालं होतं, त्यावर घामाचं मीठ. डावा हात छातीशी धरलेला. मला बघून थांबला.

"मेला ना?"

"नाही. जिवंत आहे."

तो तसाच उभा राहिला. मग वळला आणि दिव्याच्या खांबावर मूठ मारली. परत मारली. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज आला तरी मारत राहिला. पळणारे त्याला वळसा घालून जात होते. मी मागून कमरेला मिठी मारून त्याला जमिनीवर पाडलं आणि त्याच्यावर बसले. खाली तो हुंदके देत होता.

"कुठे आहे?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"इस्पितळात."

"चल."

"शर्यत?"

"चल, ताई."

योम उशीला टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. सकग्यूला बघून त्याचा चेहरा उजळला, खरंच उजळला.

"ये, बस. सांगून टाकलंय मी. पेटका आला, तू वाचवलंस."

"मी तुला बुडवत होतो."

"मला शिकवतोस? खाली मीच होतो ना." योम हसायला गेला आणि बरगडी धरून थांबला. "मे महिन्यात तू माझ्यासाठी खोटं बोललास, आज मी तुझ्यासाठी. फिटलं. आता तू माझा खरा धाकटा भाऊ. पुढच्या वर्षी कप्तान तू. नवी पोरं येतील, त्यांना कुणीतरी धुवायला हवं."

सकग्यू त्याच्याकडे बघत राहिला. मी त्याला सायकलवरून पडलेलं बघितलं होतं, पण एवढा घाबरलेला कधी बघितला नव्हता. तो बाहेर गेला. पोलीस अजून तिथेच कागद पुरे करत बसला होता.

"लिहून घ्या," सकग्यू म्हणाला. "मी त्याला मारायला पाण्यात उतरलो होतो. मेपासून ठरवलं होतं. आणि मे महिन्यात ही ताई जे सांगत होती ते खरं होतं. त्याने मला ओढलं."

दार उघडं होतं, योमने सगळं ऐकलं. हातातली सुई उपटून तो खाटेवरून उतरला. सलाइनचा लोखंडी खांब दोन्ही हातांत धरून, रक्त ठिबकवत बाहेर आला आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने तो सकग्यूच्या डोक्यात घातला. कान फाटला. सकग्यूने हात उचलला नाही. "भाऊ म्हटलं तुला," योम किंचाळत होता, "भाऊ म्हटलं तुला मी." आणखी एक घाव खांद्यावर बसला, मग पोलीस आणि दोन नर्सनी मिळून त्याला आडवं केलं.

दोघांनाही शिक्षा झाली, दोघांचीही स्थगित ठेवली. दोघांना शर्यतींतून कायमचं काढलं. क्लब मोडला. म्हणजे नाव मोडलं. अर्धी माणसं अजून योमच्याच हॉटेलात जमतात आणि मी दिसले की रस्ता ओलांडतात.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात योम आमच्या समोर आला. वजन उतरलं होतं, छातीला पट्टा होता. सकग्यू जिथल्या तिथे थांबला, आणि जुन्या सवयीने त्याची मान खाली जायला लागली. मीरानने त्याचा दंड धरला. एवढ्या जोरात की तिची नखं रुतलेली मला दिसली. मान अर्ध्यावर थांबली. योम वाट बघत उभा राहिला. मग कठड्याला धरून, एकेक पायरी, तो खाली उतरून गेला.

"भूक लागलीय," सकग्यू म्हणाला.

समोरच्या गल्लीत आम्ही गरम सूप-भात खाल्ला. त्याने दोन वाट्या संपवल्या.