कवडा : अर्थ आणि उपयोग

शब्दकोशाच्या कचेरीत ते दोघं बावीस वर्षं समोरासमोर बसत होते. एक कोशकार, शब्दांचे अर्थ लिहिणारा. दुसरा मुद्रितशोधक, छपाईआधी त्यातल्या चुका टिपणारा. मुद्रितशोधकाला कवितेची खोड होती. घरी बायको सोडली तर कुणी ऐकून घेत नसे. मुलं वही दिसली की काढता पाय घ्यायची. कोशकार मात्र दर शनिवारी डबा बाजूला सारून ऐकायचा. एवढंच नव्हे, "थांब, ही ओळ लिहून घेतो," म्हणत कार्डावर उतरवायचाही. बायको गेल्यावर तो एकच श्रोता उरला. आपल्या ओळी कुणीतरी जपून ठेवतंय, एवढ्यावर गडी तग धरून होता.

मंगळवारी 'क'ची मुद्रितं आली. पट्टी सरकवत तो एकेक नोंद तपासत होता. कवटी झाली, कवडसा झाला.

'कवडा : पु. (तुच्छतादर्शक) वाईट कवी. ओढूनताणून यमकं जुळवणारा. उपयोग : "गेलीस तू दूर, दाटला ऊर, डोळ्यांना पूर" असल्या ओळी पाडणारा तो कवडा.'

बायको गेली त्या आठवड्यातली ही ओळ. वाचताना त्याला हुंदका आवरला नव्हता. तेव्हा कोशकारानं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं ओळ उतरवून घेतली होती. मुद्रितशोधकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठून समोरच्या टेबलाशी गेला.

"ही माझी ओळ आहे."

कोशकारानं चष्मा काढला. "तुझं नाव कुठं घातलंय? कुणाला कळणार नाही."

"मला कळलं ना."

"अरे, उदाहरण अस्सल लागतं. मुद्दाम वाईट लिहायला गेलं की ते खोटं वाटतं."

"म्हणजे इतकी वर्षं कार्डं भरत होतास ती यासाठी?"

कोशकारानं नजर चोरली. "तुझं मन मोडवत नव्हतं. कविता कशा आहेत म्हणून सरळ विचारलं असतंस, तर खरं सांगितलं असतं."

"दर शनिवारी विचारायचो मी. वाचून झालं की पहिलं तेच विचारायचो."

कोशकारानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मुद्रितशोधक जागेवर परतला. नोंद त्यानं पुन्हा अक्षर न् अक्षर तपासली. त्याची ओळ आयुष्यात पहिल्यांदाच छापून येत होती. चूक एकही नव्हती. त्यानं खाली सही केली.